उमरीकर सरांचे बोट

उमरीकर सरांच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर एक घट्टा होता. लिहिणाऱ्याच्या मधल्या बोटाला पडतो तसा. पण सर उजव्या हाताने लिहीत, आणि हा घट्टा डाव्या हाताला होता. वर्गातल्या मुलांना त्याचे कोडे कधी उलगडले नाही. ज्यांनी सरांना रविवारी सकाळी अंबरपेठेच्या मागे, मूसी नदीच्या अलीकडच्या पडीक जमिनीवर पाहिले होते, त्यांनाच तो कशाचा आहे हे ठाऊक होते.

मनोहरराव उमरीकर आमच्या तंत्रनिकेतनात उपकरणशास्त्र शिकवत. मी त्याच विभागात नव्याने रुजू झालो होतो आणि त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडे राहत होतो. घराणे जुने हैदराबादी. वडील संस्थानच्या शिक्षणखात्यात होते. सरांचे वाक्य मराठीत सुरू होई, मध्ये दखनीत वळे आणि पुष्कळदा तेलुगूत थांबे. आवाज कधी चढला नाही. 'हल्लू, बाबू, हल्लू,' हे त्यांचे पालुपद. विद्यार्थ्याने खटका दाबला तरी हल्लू, प्राचार्यांनी राजीनाम्याची धमकी दिली तरी हल्लू.

त्यांच्याकडे चहाला गेलेल्या माणसाच्या हाती कधी कप येत नसे. सर स्वतः चहा बशीत ओतत, क्षणभर वाट पाहत आणि मग बशी पुढे करत. 'भाजेल,' एवढेच म्हणत. आमचे प्राचार्य एकदा घरी आले असता त्यांच्याही पुढे बशीच आली. 'उमरीकर, मला तोंड आहे हो,' प्राचार्य म्हणाले. 'आहे की, साहेब. म्हणूनच,' सर म्हणाले. प्राचार्यांनी हसत चहा फुरकला. आम्हीही हसलो. त्या हसण्याचा मला आता पश्चात्ताप होत नाही. पण ते विसरताही येत नाही.

प्रयोगशाळेतही तेच. बाहेरचे परीक्षक यायच्या आदल्या दिवशी सर एकटेच आत जात आणि प्रत्येक मापकाला काहीतरी करून ठेवत. दुसऱ्या दिवशी कुणाचाच काटा भलतीकडे जात नसे. मुले आनंदात, परीक्षक आनंदात. सरांच्या हाताखाली कुणाचा प्रयोग चुकला, असे मी पाहिले नाही.

त्यांचा खरा जीव मात्र रेडिओवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरांत होता. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीएवढी लांब ती यंत्रे. त्यांना स्पिरिट आणि एरंडेल यांचे मिश्रण लागे. एरंडेल सर अफझलगंजच्या एका तेलवाल्याकडून आणत. तो दर वेळी विचारी, 'सर, घरात इतकं पोट कोणाचं बिघडतं हो?' यंत्र उडवायचे ते गळ्यात अडकवलेल्या नियंत्रकावरून. त्यालाच आम्ही सगळे रेडिओ म्हणत असू. दोन अंगठ्यांखाली दोन दांड्या, वर बटणे, आणि लांब ओढून काढायची एरियल.

पूर्वी असा रेडिओ म्हणजे आखातातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतली चीज. त्यात अक्कल काही नसायची. यंत्र नवशिक्याच्या हाती द्यायचे, तर त्याची चाल मवाळ करावी लागे; त्यासाठी यंत्रातली सळई एका भोकातून काढून आतल्या भोकात घालावी लागे. ती कोणत्या भोकात आहे हे जवळ येणाऱ्या कुणालाही दिसे. 'अजून आतल्याच भोकात का रे?' असे आम्ही एकमेकांना चिडवतही असू.

मग देशाची दारे उघडली आणि छोट्या पडद्याचे रेडिओ दुकानांत सहज मिळू लागले. आता सळईला हात लावायचे कारण उरले नाही. दोन बटणे दाबून ठेवली की पडद्यावर आकडे येत: दांडी पूर्ण ओढली तर यंत्राने किती वळायचे, मधल्या भागात किती हळू वागायचे, पात्यांचा कोन कुठवर जाऊ द्यायचा. शंभर म्हणजे पूर्ण. साठ केले की दांडी हातात पूर्णच ओढली जाते, पण यंत्र तिचे साठच ऐकते. बाहेरून काही दिसत नाही.

सरांना ही भाषा आमच्या आधी आली, आणि आम्ही ती शिकावी असे त्यांना वाटले नाही. 'उडवायला शिका. रेडिओच्या पोटात हात घालू नका, ते माझ्याकडं लागलं,' ते म्हणत. त्यामुळे एक रीतच पडून गेली. इस्त्रीला कपडे टाकावेत तसे आम्ही शनिवारी संध्याकाळी आपापले रेडिओ सरांच्या जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवायचे आणि रविवारी पहाटे उचलायचे. 'आमच्याकडं शनिवारी रेडिओंची पंगत असते,' मालतीवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगत. 'कुणी बोलत नाही, कुणी मीठ मागत नाही. असे पाहुणे बरे.'

आणि रविवारी आमची यंत्रे खरोखरच गुणी मुलांसारखी वागत. दुसऱ्या मैदानांवर यंत्रे मोडल्याच्या बातम्या येत. आमच्याकडे कुणाचे पातेसुद्धा तुटत नसे. आम्हाला वाटे, आपला हात तयार झाला. मला तर विशेष वाटे. बोलण्यात मागे पडणाऱ्या माणसाला हातातले एखादे कसब फार मोठा आधार देते.

त्या घट्ट्याची गोष्ट अशी. नवशिक्याला शिकवताना दोन रेडिओ एका काळ्या वायरने जोडतात. एक गुरूच्या हातात, एक शिष्याच्या. गुरूच्या रेडिओवर डाव्या तर्जनीपाशी स्प्रिंगचे एक बटण असते. ते दाबून धरले आहे तोवर यंत्र शिष्याचे. सोडले की तत्क्षणी गुरूचे. म्हणजे द्यायचे, तर बोटाला जोर लावून ठेवावा लागतो; परत घ्यायला काही करावे लागत नाही, नुसते सैल व्हायचे. 'देण्यानं बोट दुखतं, बाबू,' सर म्हणत आणि घट्टा दाखवत. आम्हाला तो त्यांच्या दातृत्वाचा दागिना वाटे.

त्यांना एकच मुलगी, वसुधा. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन नुकतीच घरी आलेली. आमच्या सगळ्यांत चांगला हात तिचा होता, हे सरांखेरीज सगळे मान्य करत. तिच्या हाती यंत्र हवेत एका जागी असे स्थिर राही की खाली त्याची सावलीसुद्धा हलू नये. तरी तिची वायर निघाली नव्हती. आमच्या निघाल्या होत्या.

'बाबा, आज वाऱ्यात उडवू?'

'नक्को. वारा काय तुझा मामा आहे?'

'मामाच्या घरी तरी एकटी कुठं सोडता?'

मैदानावर हशा पिकला. सरही हसले, आणि वायर जोडली.

त्या सुमारास शहराबाहेरच्या जमिनी भराभर विकल्या जात होत्या. एका नव्या कंपनीच्या मालकांना त्या जमिनींची वरून छायाचित्रे काढून परदेशातल्या गिऱ्हाइकांना दाखवायची होती. खऱ्या हेलिकॉप्टरचे भाडे परवडेना, म्हणून कुणीतरी त्यांना आमच्याबद्दल सांगितले. त्यांना एक कायमचा उडवणारा हवा होता. वसुधाने अर्ज केला. वडिलांना न विचारता केलेली ती तिची बहुधा पहिली गोष्ट. मालकांनी प्रात्यक्षिक ठेवले, नामपल्लीच्या प्रदर्शनाच्या मैदानावर, दुकाने उठून गेल्यानंतरच्या एका सकाळी.

'वायरशिवाय उडवणार,' तिने आदल्या दिवशी घरात जाहीर केले. मी तेव्हा समोर बशी घेऊन बसलो होतो.

मला वाटले, आता वाद होईल. सर म्हणाले, 'हौ. वायरशिवायच उडव. मी रेडिओ तेवढा बघून ठेवतो.' इतक्या सहज म्हणाले की वहिनींनी स्वयंपाकघरातून डोके बाहेर काढून त्यांच्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी कनाती आणि लहान मंडप होता. मालक, त्यांचे भागीदार, त्यांच्या बायका, नव्या ऑफिसातली माणसे. वसुधाने यंत्र उचलले, मंडपासमोरून संथ नेले, वळवले, परत आणले. टाळ्या पडल्या. मालक खुर्चीत पुढे सरकून बसले. मग वारा आला. फार मोठा नव्हे, धूळ उठवणारा. यंत्र मंडपाच्या दिशेने सरकू लागले. वसुधाने दांडी मागे ओढली. मी तिच्या बाजूलाच होतो. दांडी टोकाला भिडलेली मला दिसत होती. यंत्राचे नाक उठले, पण आळसावल्यासारखे. आणि ते सरकतच राहिले. खुर्च्या मागे ढकलल्याचा आवाज झाला. कुणीतरी लहान मुलाला उचलले. तिने इंजिन बंद केले. यंत्र कनातीच्या बांबूवर आदळले आणि त्याचे तुकडे मंडपाच्या पायरीपर्यंत घरंगळत आले.

कुणालाही लागले नाही. वसुधा तुकडे गोळा करायला वाकली. सर पुढे झाले, मालकांसमोर हात जोडले आणि आपल्या त्या कधीही न चढणाऱ्या आवाजात म्हणाले, 'माफ करा साहेब. पोरगी हुशार आहे. पण हात अजून कच्चा आहे.'

'कोई बात नहीं, सर,' मालक म्हणाले आणि वसुधाकडे वळले. 'अम्मा, बाद में देखेंगे.' ते 'बाद में' कधी आले नाही. जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली.

त्यानंतर पुष्कळ महिने वसुधा मैदानावर येई आणि कुणी सांगण्याआधी स्वतःच वायर जोडून घेई. हे पाहणे त्या अपघातापेक्षा जड होते. सर तिचे कौतुक करत. 'बघा, समज आली.' त्यांचे बोट बटणावर असे आणि चेहऱ्यावर खरे समाधान असे. ते ढोंग नव्हते. तसे असते, तर आज हे लिहिणे सोपे गेले असते.

मग एका रविवारी इरफानभाई आले. आखातात बरीच वर्षे नोकरी करून परतलेला, सिकंदराबादेत राहणारा मोकळा माणूस. आमची यंत्रे पाहून खूश झाले. 'एक चक्कर मारू क्या, मियाँ?' म्हणत त्यांनी माझा रेडिओ गळ्यात घातला. यंत्र उचलले, दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि लगेच खाली उतरवले.

'मियाँ, ये क्या है? इंजन है, पंखा है, जान किधर है?'

त्यांनी दोन बटणे दाबली. पडदा उजळला. ते वाकून वाचू लागले आणि मोठ्याने हसले. 'अरे, साठ पे बांध के रक्खे! तुम लोगां हँडब्रेक खींच के गाडी चलारैं क्या इत्ते दिनों से?'

आम्हीही हसलो. मग एकाने आपला रेडिओ उघडून पाहिला, मग दुसऱ्याने. एकेकाचे हसणे थांबत गेले. आमची यंत्रे स्थिर राहत होती, आमचे एकही पाते तुटले नव्हते. ते आमचे कसब नव्हते. आम्हाला मोठे कधी होऊच दिलेले नव्हते.

वसुधाने वायर उपसली. दुरुस्त केलेले यंत्र तेच होते आणि रेडिओही तोच. तिने दोन बटणे दाबून पडदा वाचला. मग सरांजवळ गेली.

'बाबा, प्रात्यक्षिकाच्या दिवशी माझा किती होता?'

'वारा होता त्या दिवशी.'

'किती होता?'

'पंचावन्न.'

'मी सगळी दांडी ओढली होती.'

'हौ. बघितलं की मी.'

हे ते इतक्या सरळपणे म्हणाले की इरफानभाईंनी मान फिरवली.

'मला सांगितलं असतं तर?'

'सांगितलं असतं, तर तू वाढवून घेतलं असतंस.'

'हो.'

'मग?' सर म्हणाले. जणू सिद्धांत पुरा झाला होता.

'आणि वर सगळ्यांसमोर म्हणालात, हात कच्चा आहे.'

'बेटा, मंडपात माणसं होती. लेकरं होती. एकाला तरी लागलं का? सांग. एकाला तरी?'

वसुधाने रेडिओ त्यांच्या पायाशी ठेवला आणि ती चालत घरी गेली. पूर्ण शंभरावर तिने यंत्र वाचवले असते की घाबरून मंडपात घातले असते, हे कुणीच सांगू शकणार नाही. माझी सगळी कडवट भावना तिथेच येऊन अडते. सरांनी केवळ तिची नोकरी घालवली नाही. ती त्या दिवशी कोण होती, हे तिला कळण्याची एकमेव वेळ त्यांनी परस्पर उचलून नेली, आणि तीही बशीत ओतलेल्या चहासारखी, मायेने.

त्या वर्षीच ती बंगळूरला गेली. तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांना माणसे हवीच होती. तिथून पुढे अमेरिकेला. पत्रे वहिनींच्या नावाने येत.

मैदानावरची माणसे पांगली. बहुतेकांनी रेडिओच्या पोटात हात घालायला शिकून घेतले, यंत्रे मोडली, पुन्हा बांधली. मी काय केले तेही सांगायला हवे. पुढच्या शनिवारी मी माझा रेडिओ नेहमीप्रमाणे सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. टेबलावर तो एकटाच होता. सरांनी माझ्याकडे पाहिले. 'साठ?' त्यांनी विचारले. मी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा मला वाटले, मी एका एकाकी माणसावर दया करतो आहे. आज मी स्वतः विभागप्रमुख आहे. तरुण सहकाऱ्यांचे अहवाल वर पाठवण्याआधी मी त्यांतली टोकदार वाक्ये हलक्या हाताने काढून टाकतो. त्यांना वाटते, साहेबांच्या हाताखाली कुणाचे काही अडत नाही. असा एखादा अहवाल पुढे सरकवताना माझी नजर स्वतःच्या बोटाकडे जाते.

सरांना मी शेवटचे उडवताना पाहिले, असे म्हणता येणार नाही. ते उडवायला उभे राहिलेले पाहिले, एवढेच.

ते निवृत्त झाले होते. वहिनी गेल्या होत्या. सरांच्या दोन्ही हातांना कंप सुटला होता. बशी धरणे आता त्यांना जमत नव्हते, ते चहा कपातून, गार करून पीत. वसुधा बऱ्याच वर्षांनी आली होती. तिने मला फोन केला, 'काका, बाबांना मैदानावर न्यायचंय. येता का?' मी तिच्यापेक्षा फार मोठा नव्हतो, पण सरांचा सहकारी म्हणून तिचा काकाच होतो.

त्या जमिनीचे आता प्लॉट पडले होते. जागोजागी पांढरे रंगवलेले दगड रोवलेले. एका मोकळ्या तुकड्यावर आम्ही खुर्ची टाकली. सर खुर्चीवर बसले नाहीत. वसुधाने यंत्र बाहेर काढले, टाकी भरली. स्पिरिट आणि एरंडेलाच्या त्या वासाने सरांनी मान वर केली. तिने रेडिओ उघडून पडदा त्यांच्यासमोर धरला.

'बाबा, पूर्ण ठेवू का कमी करू? तुम्ही म्हणाल तसं.'

सर त्या आकड्यांकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. त्यांना असे कुणी कधी विचारले नव्हते. त्यांनीही कुणाला विचारले नव्हते.

'पूर्ण,' ते म्हणाले.

तिने पट्टा त्यांच्या गळ्यात घातला, इंजिन सुरू केले आणि मागे सरली. सरांनी अंगठे दांड्यांवर ठेवले. यंत्र जमिनीवरच होते, पाती मंद फिरत होती. आणि त्यांच्या अंगठ्यांतला कंप हवेतून जाऊन त्या पात्यांच्या मुळाशी थरथरताना स्पष्ट दिसू लागला. सरांनाही तो दिसला.

'वसू,' ते मागे न बघता म्हणाले, 'वायर आणलीस का गं?'

'नाही, बाबा.'

सामानाची पेटी माझ्या पायाशी उघडी होती. पिवळ्या फडक्याच्या कडेखालून काळ्या वायरचे वेटोळे बाहेर आले होते. मी वसुधाकडे पाहिले. तिचे डोळे भरलेले होते, पण तिने नजर हलवली नाही. ती सूड घेत होती की वडिलांना त्यांचा मान परत देत होती, हे मला तेव्हा कळले नाही आणि अजूनही कळत नाही. मी वाकून फडके सारखे केले.

सर तसेच उभे राहिले. अंगठे दांड्यांवर थरथरत होते. डाव्या हाताची तर्जनी मात्र स्थिर होती. ती त्या स्प्रिंगच्या बटणावर होती, सारा जोर लावून दाबलेली. पलीकडे कुणीच जोडलेले नव्हते. टाकीतले इंधन संपेपर्यंत यंत्र जमिनीवरच फिरत राहिले.